पाव फेरा

पेणच्या टांगा-अड्ड्यावर गुणाजीची मैना उभी राहिली की उतारू आधी घोडीकडे बघत आणि मग गुणाजीकडे. तेव्हा मुंबईची लाँच धरमतरला लागायची आणि तिथून पेणला यायला टांगा हेच वाहन. एसटी होती, पण ती आली तर आली. मैनेचं अंग असं तुकतुकीत असायचं की लग्नाला निघालेल्या बायका म्हणत, टांग्यात बसायच्या ऐवजी हिच्याच पाठीवर साडी वाळत घालावी, सुरकुती पडायची नाही.

दिवाळीपर्यंत घोड्यांच्या अंगावर थंडीचे केस पुरते येतात. पण आपल्याकडे दिवसाचं ऊन काही सरत नाही. घोडं घामानं भिजतं, दाट केसांखाली ओल राहते, साज घासतो आणि जखमा होतात. म्हणून दिवाळी झाली की घोडी भादरायची. गुणाजीकडे भादरायचं मशीन होतं, पलटणीच्या लिलावातून आणलेलं, मुठीत दाबून चालवायचं. खालची दातेरी पात जागेवर, वरची तिच्यावरून सरकणारी, मध्ये दोघींना धरणारा नट. गावातली सगळी घोडी त्याच्या अंगणात यायची.

घोड्यावर हात गुणाजीचा असे, पण मशीन लावून द्यायची ती त्याची मुलगी हौसा. मुलगा सखा तिच्याहून लहान, हाताचा घाईचा. त्याच्या हातात नट दिला की तो दात-ओठ खाऊन आवळायचा. हौसा आठ-नऊ वर्षांची असल्यापासून बापाशेजारी बसून पाती सोडवायची, रॉकेलात धुवायची, दातांत अडकलेला एकेक केस खराट्याच्या काडीनं काढायची. फडक्यानं कोरडी करून कोंबडीच्या पिसानं शिलाई मशीनचं तेल लावायची. मग नट बोटांनी बसेल तितका आवळायचा आणि पाव फेरा मागे घ्यायचा.

"जास्त आवळलंस तर पात तापते, घोडं भाजतं," गुणाजी सांगायचा. "सैल ठेवलंस तर केस कापत नाय, उपटते. आणि घोडं बोलत नाय गो. नुसती कातडी थरथरते. म्हणून आधी आपल्या हातावर."

हे त्याच्या घरचं व्रतच होतं. मशीन लावणाऱ्यानं ते आधी स्वतःच्या डाव्या हातावर फिरवून बघायचं. ओढलं नाही, चटका बसला नाही, तरच घोड्याला लावायचं. त्यामुळे हौसेच्या डाव्या हातावर कोपराखाली कायम एक गुळगुळीत पट्टा असायचा. रोह्याहून तिला बघायला माणसं आली तेव्हा मुलाच्या आईची, बायजाबाईची, नजर नेमकी त्या पट्ट्यावर गेली.

"हातावर काय डाग हाय काय पोरीच्या? कोड-बिड नाय ना?"

हौसेची आई कृष्णाबाई कावरीबावरी झाली. गुणाजी उठला, मशीन घेऊन आला आणि सगळ्यांदेखत त्यानं स्वतःच्या हातावर तसाच पट्टा काढून दाखवला. बायजाबाई म्हणाली, "म्हंजे मुलगी न्हाव्याची की टांगेवाल्याची?" सगळे हसले आणि लग्न ठरलं.

गुणाजी तिला पूर्वीपासून म्हणायचा की मशीन तुझ्याबरोबर जाईल, सखाच्या हातात ते टिकायचं नाय. लग्नाच्या आदल्या दिवशी हौसेनं ते धुवून, तेल लावून, मलमलीत गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवलं. कृष्णाबाईनं ते ट्रंकेतून बाहेर काढलं.

"धारेचं लोखंड लेकीबरोबर देत नाय. माया तुटते," ती म्हणाली.

गुणाजीनं बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि तो घोडीला चारा घालायला निघून गेला. मशीन चुलीवरच्या शिंकाळ्यात परत गेलं. ओलाव्यापासून जपायला ते तिथंच टांगत.

हौसा रोह्याला आली. नवरा गोविंदा भाताच्या गिरणीत कामाला. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. त्या वर्षी सखानं मैनेला भादरलं आणि अड्ड्यावर हसं झालं. उंदरांनी कुरतडलेल्या गोधडीसारखी दिसत होती घोडी. गुणाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, त्याला नट दिसत नव्हता. पुढच्या दिवाळीला त्यानं मुलाला सांगितलं, "भाऊबीजेला रोह्याला जातोयस ना, तर मशीन घेऊन जा. ताई लावून देईल."

तेव्हापासून ते चालू झालं. भाऊबीजेच्या दिवशी सखा नागोठण्यावरून एसटीनं यायचा, एका हातात साडीचं पुडकं, दुसऱ्या हातात मलमलीतलं मशीन. हौसा त्याला पाटावर बसवून ओवाळायची. जेवणं झाली की ओटीवर पाती सोडवून बसायची आणि सखा तिला पेणच्या गोष्टी सांगायचा. कुणाचं घोडं बुजलं, कुणाचा टांगा खाडीच्या चिखलात रुतला, कोण अड्ड्यावर दारू पिऊन पडला. वर्षभरात तिला माहेर तेवढंच मिळायचं. ती मुद्दाम सावकाश काम करायची. धुतलेली पात पुन्हा धुवायची.

गुणाजी वारला, मागोमाग कृष्णाबाई गेली. सखा तरीही येत राहिला, आणि हौसेला वाटलं, आता तो आपल्यासाठीच येतो.

एका भाऊबीजेला सखा निघून गेल्यावर गोविंदा ओटीवर तंबाखू मळत म्हणाला, "तुझा भाऊ मोठा मायाळू हो."

"हायच."

"मशीन बिघडायचं थांबलं की बघू किती मायाळू हाय तो."

"काय म्हणायचंय तुमाला?"

"मला काय म्हणायचंय? गणपतीला आला? तुला ताप आला होता, सांगावा धाडला, तेव्हा आला? दिवाळीला बरोबर येतो. त्याला ताई नको हाय, मिस्त्री हवाय. साडी ही मजुरी."

हौसा ताटं उचलून आत गेली. पण ते वाक्य तिच्या मनात केसासारखं अडकून बसलं. वर्षभर ती ते काढू पाहत होती. शेवटी तिनं ठरवलं, नवऱ्याला एकदा दाखवूनच द्यायचं.

पुढच्या भाऊबीजेला ओवाळणं झाल्यावर तिनं सखाला जवळ बसवलं. "आज तू लाव. मी सांगते."

"मला काय जमतंय, ताई."

"जमेल. नट ताकदीनं नाय लावायचा, बोटांनी. हां. आता पाव फेरा मागं. आवाज ऐक. किरकिर करतंय म्हंजे अजून घट्ट हाय. आता? सुर्र येतो का आवाज? आता हात पुढं कर. माझा नाय, तुझा."

सखानं स्वतःच्या हातावर मशीन फिरवलं. एका ओळीत केस पडले, खाली स्वच्छ कातडी निघाली. तो लहान मुलासारखा हसला. "एवढंच होतं होय गो हे!"

"एवढंच," हौसा म्हणाली. गोविंदा दारात उभा राहून बघत होता. तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की जणू पैज जिंकली.

त्याच्या पुढची भाऊबीज आली. हौसेनं सकाळी करंज्या ताटात काढल्या, पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी घातली. दुपारची एसटी आली आणि गेली. तिसऱ्या प्रहराच्या गाडीतून पेणचा एक ओळखीचा टांगेवाला, केरू, उतरला. तो सासुरवाडीला चालला होता. हौसेला बघून दारात थांबला.

"सखानं निरोप दिलाय, ताई. म्हणाला, मशीन झक्कास चाललंय, ताईला म्हणावं काळजी करू नको."

"आणि काय म्हणाला?"

केरूनं आठवून बघितलं. "एवढंच."

सूर्य बुडल्यावर बायजाबाई दारात आली. या सासूनं तिला आयुष्यात फार गोड शब्द दिले नव्हते, पण त्या संध्याकाळी ती हळू बोलली. "सूनबाय, बीजेची कोर दिसतेय. चंद्राला ओवाळ आणि उठ आता."

"ज्यांना भाऊ नाय त्या चंद्राला ओवाळतात," हौसा म्हणाली. "मला भाऊ हाय."

तिनं ताट तसंच ठेवलं. निरांजन तेल संपून विझलं. गोविंदानं त्या दिवशी एक शब्द काढला नाही. तो बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं.

मार्गशीर्षात थंडी पडली. एका सकाळी हौसा अंगण झाडत होती, तर गल्लीच्या टोकाला सखा. खराटा टाकून ती दोन पावलं पुढं गेली. मग तिला त्याच्या हातातलं मलमलीचं गाठोडं दिसलं. दुसरा हात रिकामा होता.

"ताई, घात झालाय," तो उंबऱ्यावरच सांगू लागला. "दिवाळीनंतर केस पुन्ना वाढले, मैना अर्धी भादरली आणि मशीन अडून बसलं. हलायला तयार नाय. डावी बाजू साफ, उजवी अस्वलासारखी. अर्धी घोडी घेऊन अड्ड्यावर कसा उभा राहू? पोरं शिट्ट्या मारतायत."

हौसेनं गाठोडं सोडलं. पातींच्या मध्ये पांढरा थर, मेणासारखा, त्यात केस रुतलेले. तिनं बोटानं उचलून वास घेतला. खोबरेल.

"हे घातलंस?"

"शिलाईचं संपलं. म्हटलं, खोबरेल काय वाईट? डोक्याला चालतं, दिव्याला चालतं, दाराच्या बिजागरीला चालतं."

"थंडीत थिजतं रे ते. बाटलीतलं थिजत नाय काय सकाळी?"

"ते कुठं ध्यानात आलं," सखा म्हणाला.

ती ओटीवर बसली. पाती सोडवल्या, रॉकेलात टाकल्या. पांढरा थर सुटून वर तरंगू लागला. सखा समोर बसला होता, पण पेणची एकही गोष्ट सांगत नव्हता. सारखा रस्त्याकडे बघत होता. "साडेदहाची गाडी मिळेल ना?" त्यानं विचारलं.

पाती पुसून झाल्या, तेल लागलं, नट बसला. तिनं तो बोटांनी घट्ट केला आणि तिचा हात थांबला.

पाव फेरा मागे घ्यायचा होता. नाही घेतला तर? आज मशीन चालेल, उद्याही चालेल. सखाला कळायचं नाही. घट्ट पाती एकमेकींवर घासत राहतील, हळूहळू झिजतील, तापतील, आणि पुढच्या दिवाळीला त्याला यावंच लागेल. कदाचित भाऊबीजेच्या दिवशीच. पाट मांडता येईल. दारात बसून वाट बघायला काही अर्थ राहील.

पण मधले सगळे दिवस मैनेच्या पोटाखाली, जिथं कातडी पातळ असते, तिथं ती तापलेली पात फिरणार होती. मैना म्हातारी झाली होती. ती लाथही मारणार नाही. नुसती थरथरेल.

हौसेनं नट पाव फेरा मागे घेतला. डाव्या हातावर फिरवून बघितलं. किती दिवसांनी तो पट्टा पुन्हा उघडा पडला. पात थंड होती, केस अलगद पडले.

"आता पुन्ना बिघडणार नाय ना?" सखानं विचारलं.

"नाय. शिलाईचं तेल घाल आणि आधी हातावर बघ, म्हंजे कधीच बिघडणार नाय."

"चहा ठेवते," ती म्हणाली तेव्हा तो चपला घालत होता. "नको गो, घोडी अर्धी उभी हाय." गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही. गाठोडं मात्र छातीशी धरलं होतं.

पुढं पेणला टांगे होते तोवर ते मशीन चाललं. मैना गेली, तिच्यामागून आलेल्या घोड्या गेल्या, अड्ड्यावर रिक्षा उभ्या राहू लागल्या. केरू कधी रोह्याला आला की कौतुकानं सांगायचा, सखाच्या हाताखाली घोडं कधी दचकलं नाय. हौसा ऐकून घ्यायची.

पण त्या मार्गशीर्षानंतर जी पहिली भाऊबीज आली, त्या दिवशी तिनं पाट मांडला नाही. सूर्य बुडाला, आणि सासूनं काही म्हणायच्या आधीच ती ताट घेऊन अंगणात गेली.