सत्त्व काढलेलं पाणी

माती

चैत्र लागला तशी गावची विहीर तळाला गेली आणि इंदूबाईची गाभण म्हैस गोठ्याची ओलसर कुडाची भिंत चाटू लागली. घरटी दोन घागरी पाणी मिळे. तेवढ्यात माणसांनी काय प्यायचं आणि दिवस भरत आलेल्या म्हशीने काय?

आणि गोठ्यापासून शंभर पावलांवर पाताळगंगा वाहत होती. भर चैत्रात.

पूर्वी होळी झाली की या नदीत नुसते धोंडे उरायचे. पण खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी वीजघर झालं. घाटमाथ्यावरच्या तळ्यांचं पाणी जाड लोखंडी नळांतून खाली यायला लागलं, चाकं फिरवून नदीत सुटायला लागलं, आणि नदी आटायची विसरली. याला दोन उन्हाळे झाले होते. गावातलं कुणी त्या पाण्याला शिवलं नव्हतं.

कारण त्यातली वीज काढून घेतलीय.
म्हंजी सत्त्व काढून घेतलंय.
लोणी काढल्यावर उरतं काय?

"ताक उरतं," विहिरीवर इंदूबाई म्हणाली होती, "आन ताक पिऊन कोण मेलंय?" बाया हसल्या. पण घागर घेऊन नदीवर कुणी गेली नाही. इंदूबाईसुद्धा नाही.

तिचा दीर येसाजी म्हणाला, "वयनी, म्हस मी कडावला नेतो, माज्या सासऱ्याकडं. तिथं यीर भरलेली हाय."

"दोन दिसांची वाट. या उन्हात, असल्या पोटानं? वाटंत बसली मंजी?"

"आन हितं ते पाणी पिऊन रेडकू मेलेलं निघालं मंजी?"

इंदूबाईने आठ दिवस मागून घेतले.

तिला एकच पारख ठाऊक होती: ज्यावर रुजतं ते जिवंत. तिने दोन करवंट्यांत सारखी माती भरली, प्रत्येकीत वालाचा एक दाणा पुरला. एकीला विहिरीचं पाणी, आपल्या वाटणीतलं. दुसरीला नदीचं. नदीत तांब्या बुडवला की ती हात पदराला खसखसून पुसायची.

एक पेर

पाचव्या दिवशी विहिरीचा वाल बोटाच्या पेराएवढा वर आला.

नदीच्या करवंटीत नुसती माती होती.

येसाजी उकिडवा बसला, बघितलं, उठला. टोमणा मारील असं तिला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "दावं नवीन वळतो," आणि गेला. टोमणा परवडला असता.

तेवढ्यात जना आली. कातकरवाडीची. डोक्यावर लाकडांची मोळी, कडेवर वर्षाची पोर.

"का गं बाय, करवंटीम्होरं का बसलीस? देव हाय का तिच्यात?"

इंदूबाईने सगळं सांगितलं. जनाने मोळी टाकली, मातीत बोट घातलं आणि दाणा वर काढला. दाण्याला भोक होतं. भोकातून बारकासा भुंगा निघाला आणि जनाच्या नखावरून चालायला लागला.

"दाणा किडका," जना म्हणाली, "आन आळ नदीवर."

इंदूबाई ओशाळली. अख्ख्या नदीची अब्रू तिने एका दाण्यावर टांगली होती. मग तिची नजर कडेवरच्या पोरीवर गेली. गुटगुटीत, काळीभोर, मोळीतून ओढलेलं एक पान चावत होती.

"जने, तुमी वाडीवर पाणी कुठलं पिता गं?"

"नदीचं. आमाला यीर कोन देतंय?"

"मंग ही पोर..."

"पोटात व्हती तवाबी तेच."

"दोन सालं पिताव? आन बोलली नायस कदी?"

"इचारलं कुनी?"

इंदूबाईला खाली बघावं लागलं. दोन वर्षं गाव पारावर वाद घालत होतं, आणि उत्तर दिवसाआड मोळी घेऊन अंगणात येत होतं.

जायच्या वेळी जना म्हणाली, "नळ घातलं तवा मी धोंडं वाह्यलेत तिथं. काडत नाय गं काय त्यातनं. वरनं पडतं, चाकावर आपटतं, चाक फिरतं. पडन्याचंच काम."

मुसळभर

आता एक दाणा नाही. पसाभर वाल विहिरीच्या पाण्यात, पसाभर नदीच्या. रात्री भिजवले, सकाळी एकाच जुन्या लुगड्याच्या दोन फडक्यांत बांधले, बिरड्याच्या उसळीसाठी बांधतात तसेच. तिसऱ्या सकाळी गाठी सोडल्या.

दोन्हीकडे मोड. पांढरे, नखाएवढे, वाकडे.

नदीची पुरचुंडी चुलीकडे होती. की उंबऱ्याकडे? सारवताना तिने दोन्ही उचलून ठेवल्या होत्या. तिने वास घेतला. एकेक दाणा चावला. उजेडात धरून पाहिलं. तिला ओळखता येईना, आणि येत नाही यातच तिला उत्तर मिळालं.

मग ती भात सडायला बसली. मुसळ वर नेलं आणि हात थांबला.

पडण्याचंच काम.

तिने मुसळ सोडलं. उखळात भात फुटलं. मुसळ होतं तसंच: तेवढंच जड, तेवढंच लांब. त्याच्यातून काय गेलं? काही नाही. फक्त ते आता वर नव्हतं.

घाटभर

त्याच सकाळी येसाजी नवं दावं घेऊन आला. तिने दोन्ही पुरचुंड्या पुढे ठेवल्या.

"भावजी, ह्यातली नदीची कंची?"

त्याने पाहिल्या, हुंगल्या, पुन्हा पाहिल्या. "नाय सांगता येत."

"मलाबी नाय."

ती म्हशीला घेऊन नदीवर गेली. तो मागोमाग. आधी तिने ओंजळ भरली. घोट तोंडात धरला, डोळे मिटून गिळला. पाणी गार होतं, पाण्यासारखं. म्हशीने नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवलं आणि ओढत राहिली, ओढत राहिली, कूस हलताना दिसेपर्यंत.

समोर घाटाच्या अंगावर नळ चमकत होते.

"मुसळ हातभरावरनं पडतं आन भात सडतं," इंदूबाई म्हणाली. "हे घाटभर पडतं. तेवढ्यावर मुंबयच्या गिरण्या फिरतात म्हनं. पडणं तेवढं घेतात, भावजी. पाणी हाय तसंच सोडतात."

येसाजीची नजर नळांवरून वर वर घाटमाथ्यापर्यंत गेली.

"मुसळ तुमी उचलता, वयनी," तो हळूच म्हणाला. "येवडं पाणी घाटावर कोन उचलतं?"

त्याच्याही वर

याचा तिने विचारच केला नव्हता.

म्हैस पाण्यातून बाहेर आली आणि काळ्या खडकांवरून चालायला लागली. मागे खुरांच्या ओल्या ठशांची रांग उमटली. खडक तापलेले होते. पहिला ठसा कडेने आत आत सुकत गेला, रुपयाएवढा झाला, मग नाहीसा. दुसरा. तिसरा. ना चाक, ना नळ, ना आवाज.

इंदूबाईने आधी ठशांकडे, मग वर उन्हाकडे बोट दाखवलं.

येसाजीने ठशांच्या जागेवर हात ठेवला. कोरडं, गरम. मग डोळ्यांवर पंजा धरून तो वर बघायला लागला, तीही. वर निळ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

नवं दावं त्याच्या खांद्यावर तसंच होतं. म्हैस वळून पुन्हा पाण्यात शिरली.