मनापासून चेष्टा

काम उरकल्यावर मग दाखवायचं, ही मृणालची लहानपणापासूनची खोड. गणितसुद्धा ती उत्तराखाली दोन रेघा मारून झाल्यावरच आत्याला दाखवायची. अर्ज पाठवून पंधरा दिवस झाले होते, चार वाजता मुलाखत होती, आणि तीन वाजता तिनं अर्ज उघडून आत्याच्या, म्हणजे कमलिनीबाईंच्या हातात फोन ठेवला.

दिल्लीतल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. देशात म्हातारी माणसं वाढताहेत, त्यांच्यासाठी धोरण कसं असावं, याचा अभ्यास. जागा एकच. घरोघरी जाऊन ज्येष्ठांशी बोलायचं, म्हणून मातृभाषेत दहा ओळी मागितल्या होत्या. मृणालनं त्या मराठीत लिहिल्या होत्या.

"शेवटची ओळ मोठ्यानं वाच बरं," कमलिनीबाई म्हणाल्या.

"'वृद्धांच्या भल्याची मनापासून चेष्टा करणं, हेच माझ्या आयुष्याचं ध्येय आहे.' मस्त आहे ना?"

"फारच. चेष्टा म्हणजे काय गं?"

"कोशिश. शाळेत हिंदीच्या सरांनी शिकवलंय."

व्हरांड्यात सतरंजीवर भोपाळच्या कोलार रोडवरची पाच-सहा मराठी मुलं बसली होती. सुट्टीभर बाई त्यांना मराठी शिकवत. त्यांतली नऊ वर्षांची मंजूषा वहीतून मान वर न काढता म्हणाली, "चेष्टा म्हणजे टिंगल, ताई."

मृणालनं ती ओळ पुन्हा वाचली. "गेलं सगळं. आत्या, तू हसतेयस?"

"नाही गं. न हसण्याची चेष्टा करतेय. तुझ्या भाषेतली."

हसू ओसरलं तशी बाईंना चुटपुट लागली. त्यांचे वडील नागपूरहून हलवलेल्या सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून या घरानं मराठी जपली होती. गल्लीतल्या पोरांना त्यांनी वेलांट्या गिरवायला लावल्या आणि घरच्या मुलीला मात्र 'तुला येतंच की' म्हणून सोडून दिलं.

चार वाजता मृणाल आत लॅपटॉपसमोर बसली. दार अर्धवट उघडं राहिलं. बाईंनी मुलांना पाढे मनातल्या मनात म्हणायला सांगितले आणि स्वतःचे कान दाराकडे लावले.

"मी योगिनी, मूळची पुण्याची," पलीकडून आवाज आला. "तुमची शेवटची ओळ आम्ही सगळ्यांनी दोनदा वाचली. म्हाताऱ्यांच्या भल्याची चेष्टा करणार म्हणता?"

बाईंचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. पण फळ्याशी अडलेल्या मुलाला त्यांनी शाळेत शिकवण्याच्या चाळीस वर्षांत कधी उत्तर पुरवलं नव्हतं. हात मागे आला.

"चुकलंच, मॅडम," मृणाल म्हणाली. "प्रयत्न म्हणायचं होतं. आम्ही भोपाळचे, आमची मराठी अधूनमधून हिंदीत घसरते. तासाभरापूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलीनं चूक दाखवली."

"मग ती ओळ खोडू?"

"नको, राहू द्या. कॉलेजच्या सर्व्हेसाठी मी इथल्या अशोका गार्डन वस्तीत चाळीस घरं फिरले. 'काय कमी पडतं' विचारलं की सगळे आजी-आजोबा म्हणायचे, सगळं ठीक. तिथल्या श्रीकांतकाकांना मी म्हटलं, 'इतकं ठीक असेल तर मलाही दत्तक घ्या.' ते हसले, आणि मग सांगितलं की सहा महिने एका डोळ्यानं दिसत नाहीये. घरात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणाले, 'सगळे आदरानं बोलतात, बेटा, पण थट्टा कुणी करत नाही. मग सांगणार कुणाला?'"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"म्हणजे प्रयत्नही करीन आणि चेष्टाही," मृणाल म्हणाली. "फॉर्ममध्ये एकच शब्द बसला."

"कळवतो," योगिनीबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या की नाही, ते दाराबाहेर काही कळलं नाही.

चार दिवस मृणालनं फोन उशाशी घेऊन काढले. पाचव्या दिवशी सकाळी ती व्हरांड्यात आली आणि तिनं आत्यासमोर फोनवरचं पत्र धरलं. निवड झाली होती. खाली मराठीत एक ओळ होती, 'येताना शब्दकोश आणावा.'

"आत्या, महिना आहे हातात. तोवर मला मराठीची चांगली शिक्षा दे."

मंजूषानं तोंडावर वही धरली. बाईंनी सतरंजीवरची मुलं थोडी सरकवून जागा केली.

"बैस," त्या म्हणाल्या. "तीच देणार आहे."