पुढे ढकललेली सकाळ

भट्टीवाल्यांना उठायला कधी गजर लागला नाही. उभा जन्म बेकरीच्या भट्टीसमोर गेला. गिऱ्हाईक डोळे चोळत दारात यायच्या आत पाव तयार हवा. बेकरी विकून बरीच वर्षं झाली, पण ती बातमी शरीराला कुणी कळवली नव्हती. अंधारातच ते उठत, चहा टाकत, भांडी आपटत आणि झोपलेल्या मुला-सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं स्वतःशी बोलत. सकाळी दहाच्या सुमाराला तर त्यांचं डोकं असं चाले की समोरच्याला पळता भुई थोडी व्हावी.

नेमकी हीच अडचण होती. घर त्यांच्या नावावर. चिरंजीवांना ते पाडून तिथं दिव्यांचं मोठं दुकान थाटायचं होतं. "मी असेपर्यंत एका विटेला हात लावायचा नाही," असं भट्टीवाल्यांनी बजावलं होतं आणि तब्येत पाहता ते बरेच दिवस असणार होते. वकिलानं वाट दाखवली. म्हातारबुवांना व्यवहार कळत नाही असा डॉक्टरचा दाखला मिळाला, की पुढचं तो बघणार होता.

चिरंजीव मूर्ख असते तर गोष्ट इथंच संपली असती. पण कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवे बसवून देणं हा त्यांचा धंदा. दिवा रोज थोडा जास्त वेळ चालू ठेवला की कोंबडीला दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो आणि ती निमूटपणे अंडी घालत राहते. दिव्याच्या कंपनीच्या माणसानं त्यांना सगळं शास्त्र समजावलं होतं. माणसाच्याही मेंदूत, डोळ्यांच्या मागे, तांदळाच्या दाण्याहून लहान असं एक घड्याळ असतं. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते आपली वेळ लावून घेतं. रात्री पांढरा-निळसर झगझगीत उजेड दिला की त्याला वाटतं, सूर्य अजून मावळायचाय. मग झोपेची वर्दी देणारा रसही उशिरा सुटतो. रोज थोडं थोडं ढकलत गेलं, तर माणसाची मध्यरात्र भर सकाळी आणून ठेवता येते. आणि शरीराच्या मध्यरात्री भल्याभल्यांची अक्कल पेंड खाते.

"कोंबडी फसते म्हणून बाबाही फसतील?" सूनबाईंनी विचारलं.

"कोंबडी जरा जास्त संशयी असते," चिरंजीव म्हणाले.

भट्टीवाल्यांच्या खोलीत शेडचा दिवा लागला. खिडकीला जाड काळा पडदा आला. पण दिव्याला बटण असतं आणि म्हाताऱ्याला हात असतो. सोबतीला कुणीतरी बसायला हवं. म्हणून चिरंजीव पत्ते घेऊन बसू लागले.

"अरे लबाडा, सत्ती दाबून बसलायस! शाळेत असल्यापासून हेच."

"तुम्हीच शिकवलंत, बाबा."

"मी पाव शिकवत होतो. तेवढं सोडून सगळं शिकलास."

चिरंजीव हसत. भट्टीवाल्यांनी त्यांना इतकं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून पोरगा समोर बसायचा तो फक्त सहीपुरता. आता रोज बसत होता आणि डोळे मिटू लागले की "अजून एक डाव" म्हणत होता. झोप आवरत भट्टीवाले डावावर डाव खेळत गेले. पाहुण्याला आधी उठवू नये, एवढी रीत त्यांना होती.

"सूनबाई, हा असा प्रेमळ कधीपासून झाला?"

"वय झालं की माणूस बदलतो, बाबा."

"कुणाचं वय?"

हळूहळू ते दुपारी उठू लागले. लोक जेवून ताटं उचलत, तेव्हा हे चूळ भरत. त्यांना लाज वाटे.

"झोपा हो," सूनबाई म्हणाल्या. "जन्मभर पहाटे उठलात."

भट्टीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर त्यांना 'झोपा' असं कुणी म्हटलं नव्हतं.

डॉक्टरची वेळ सकाळी दहाची घेतली होती. गाढ झोपेतून उठवून त्यांना कपडे चढवले. सदऱ्याची बटणं एक घर चुकली होती; सूनबाईंनी ती तशीच राहू दिली.

"आज वार कुठला, आजोबा?"

भट्टीवाले छताकडे पाहू लागले.

"बरं, शंभरातून सात गेले?"

"ब्याण्णव." आयुष्यभर पाव डझनांनी मोजलेल्या माणसाला ते उत्तर स्वतःलाच पटलं नाही. "थांबा. सत्त्याऐंशी."

"आत्ता सकाळ आहे की रात्र?"

"रात्र."

"बाहेर ऊन पडलंय," डॉक्टर हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच त्यांनी नको तो प्रश्न विचारला. "रात्री झोप लागते का?"

"कुठली! पहाटेपर्यंत जागाच. मुलगा पत्ते खेळतो ना माझ्याशी. रोज."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "हे खरं असेल तर यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. दिवस-रात्रीची नुसती अदलाबदल झालीय. वेळेवर झोपवा, सकाळचं ऊन दाखवा आणि पुन्हा घेऊन या. खरंय का हो हे?"

चिरंजीवांनी जांभई गिळली.

"नाही हो. आमच्याकडे दहाला सगळे झोपतात. पत्ते तर घरातच नाहीत."

भट्टीवाल्यांनी मान वळवली. मुलाच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"तू नव्हतास?"

"नाही, बाबा."

"रोज नव्हतास?"

"भास होतात तुम्हाला."

भट्टीवाल्यांनी मान पुन्हा वळवली. मग डॉक्टरांना म्हणाले, "लिहा, भास होतात. मलाही वाटतच होतं, हा एवढा हसतो कसा."

दाखला मिळाला. भट्टीवाल्यांना वृद्धाश्रमात ठेवलं गेलं. तिथं त्यांची खाट पूर्वेच्या खिडकीशी होती. सकाळचं ऊन थेट तोंडावर येई, संध्याकाळी दिवे लवकर मालवत. घड्याळ रोज थोडं थोडं मागे सरकत आपल्या जागी आलं. जुना दाखला हातात घेऊन आश्रमाचे डॉक्टर तपासणीला आले तेव्हा भट्टीवाल्यांनी तारीख, वार, महिना विचारायच्या आत सांगून टाकला.

"मी ठीक आहे. मला घरी जाऊ द्या."

"आणि ते पत्ते खेळायला येणारे चिरंजीव? अजून येतात?"

"छे. तो इकडे फिरकतसुद्धा नाही."

डॉक्टरांना समाधान वाटलं. भास थांबले, असं त्यांनी लिहिलं. खाली पुस्ती जोडली: रुग्णाला ही जागा चांगलीच मानवली आहे, तरी त्यांना येथून कधीही हलवू नये.