लेकुरवाळी गाडी

बस डेपोतल्या फळ्यावर उद्याच्या ड्यूट्या लिहायचं काम ताईकडे आलं ते काही मानाने आलं नव्हतं. गुडघे गेले, क्लच दाबवेना, म्हणून साहेबांनी तिला स्टिअरिंगवरून उठवून खुर्चीत बसवलं. आधीचे फळेवाले मामा तेव्हाच निवृत्त झाले होते. "आता बसून खा," असं ड्रायव्हर कौतुकाने म्हणाले. बसूनही माणूस दमतं, हे त्यांना कोण सांगणार.

फळ्यावर दोन गाड्यांना महत्त्व होतं. एक डोंगरावरची, वळणावळणांची. ती चालवल्याशिवाय कोणी ड्रायव्हर कायम होत नसे, असा डेपोचा नेम. दुसरी दवाखाना, शाळा, बाजार आणि परत दवाखाना अशी गावातल्या गावात घिरट्या घालणारी. तिला सगळे लेकुरवाळी म्हणत, कारण ती बाईमाणसाला द्यायची रीत होती. ताईने उभी हयात लेकुरवाळी ओढली. डोंगराची गाडी मागायला गेली की मामा आधी खुर्ची पुढे करायचे. "ताई, वर बायकांची सोय नाही हो. तुमच्या काळजीपोटीच सांगतो." मामा वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. खेकसणाऱ्याशी भांडता येतं, गोड बोलणाऱ्याशी काय भांडणार? गुळाने मरतो त्याला विष कशाला, तसला प्रकार. तिच्या मागून आलेली पोरं डोंगर चढून कायम झाली. ती कायम झाली ती पार शेवटी, कोणाच्या तरी दयेने.

आणि आता डेपोत नवी आली होती. हंगामी ड्रायव्हर, हातात सफाई, तोंडात फारसे शब्द नाहीत. त्या संध्याकाळी ती खिडकीशी येऊन उभी राहिली.

"ताई, उद्या मला डोंगर लावा."

"पुढच्या आठवड्यात बघू."

"मागच्या आठवड्यात पण हेच म्हणालात."

ताईने शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बस गं जरा. वर बायकांची सोय नाही. तुझ्या काळजीपोटीच सांगते."

बोलून झालं आणि ताईलाच ते ऐकू आलं. मामा कधीच घरी गेले होते, पण बोलत होते ते हिच्या तोंडून. चार दिवस सासूचे, चार सुनेचे म्हणतात. हिने सुनेचे सगळे भोगले आणि सासूचे लागताच पहिली गोष्ट काय केली, तर तीच. तिला शरम वाटली. इतका थकवा होता की धड शरमायलाही जोर नव्हता.

नवी बसली नाही. "माझी मुदत या महिन्यात संपते. डोंगर नाही मिळाला तर मी घरी. सासरी सगळे वाटच बघतायत."

"अगं, पण वर गेल्यावर जाशील कुठे?"

"मी सकाळपासून पाणीच पीत नाही. लेकुरवाळीवर तरी कुठे सोय आहे?"

ड्यूटीवर असताना ताईही पाणी पीत नसे. त्यापायीच तर तिला मुतखडा झाला होता. म्हणजे सोय वर नव्हती तशी खालीही नव्हती, पण गैरसोयीचा धाक मात्र डोंगरापुरताच दाखवला जायचा. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कधी शिरली कशी नाही, या विचाराने तिला स्वतःचाच राग आला. तिने फडकं घेतलं, फळ्यावरचं डोंगराच्या गाडीपुढचं नाव पुसलं आणि तिथे नवीचं लिहिलं.

साहेबांनी जाता जाता फळा पाहिला. "काही झालं तर?"

"मला कधी वर पाठवलंच नाही, तरी माझं काय झालं ते बघताय ना," ताई म्हणाली. साहेब पुढे निघाले.

दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर परत आली. नवीने आभार मानावेत असं ताईला वाटत नव्हतं, पण निदान हसेल असं वाटलं होतं. नवी आली ती कपाळाला आठ्या घालून.

"वर स्टँडमागे एक खोली आहे. दारावर 'महिला' लिहिलंय. कुलूप आहे. खिडकीतून बघितलं, आत जुने टायर भरलेत. चावी साहेबांकडे असते म्हणे. उद्या ती खोली उघडून हवी, ताई. मी दिवसभर तहान मारून गाडी चालवणार नाही." जरा थांबून तिने विचारलं, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

ताईला माहीत नव्हतं. तिला कोणी वर जाऊच दिलं नव्हतं, आणि तिने कधी खोदून विचारलंही नव्हतं. सोय नाही म्हटलं की ती मान खाली घालून परत फिरायची, जणू लघवीला लागणं हा तिचाच गुन्हा. सोयच मागता येते, हे तिला आयुष्यभर सुचलं नव्हतं.

तिने खडू खाली ठेवला. फळा कोरा होता. तो लिहिल्याशिवाय उद्या एक चाक हलणार नव्हतं. ती नवीला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि समोरच्या खुर्चीत बसली. गुडघ्यांना तसंही उभं राहवत नव्हतं.

"डोंगरावरच्या खोलीची चावी द्या."

"ताई, ते स्टोअर आहे."

"संडास आहे तो, साहेब. बायकांचा."

दारात ड्यूटी विचारायला जमलेले ड्रायव्हर आत डोकावू लागले.

"बरं, उद्या बघू."

"मग फळाही उद्याच लिहू."

साहेबांनी दारातल्या गर्दीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खण ओढला. चाव्यांचे जुडगे चाळत ते पुटपुटत होते. गंजलेली एक चावी त्यांनी टेबलावर ठेवली.

"कधी बांधली हो ती खोली?" ताईने विचारलं.

"ती? ती पहिल्यापासूनच आहे. स्टँडबरोबरच बांधलेली."

ताईने दाराकडे पाहिलं. तिथल्या ड्रायव्हरांतला एकेक जण डोंगरावर जाऊन आलेला होता. कोणी तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिने चावी नवीच्या हातात ठेवली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता ती रडली. नवी तिच्या शेजारी उभी राहिली, आणि फळा लिहायला त्या दिवशी बराच उशीर झाला.