जोतं नसलेलं घर

मी गवंडी. माझ्या बापानं बांधलेल्या घरांत माणसं अजून कोरडी झोपतात, म्हणून बोलायचा मला हक्क आहे. गावातल्या एका म्हातारीच्या थोरल्या मुलानं शेतात घर बांधायला काढलं आणि शहरातून एक नकाशावाला आणला. तो दुपारभर बांधावर डोळे मिटून बसला. मला वाटलं, झोप लागली असेल. तर म्हणे जमिनीचं ऐकत होता.

"घर जमिनीतून उगवल्यासारखं दिसलं पाहिजे," तो म्हणाला. "जमिनीवर उचललेलं जोतं नको. त्यानं उताराची रेघ तुटते. निसर्ग सरळ घरात आला पाहिजे."

"तो येईलच साहेब. सोबत पाणीही आणील."

थोरला माझ्यावरच उखडला. "गवंडीदादा, तुम्ही दगड रचा. त्यांनी चार बुकं जास्त वाचलीत."

पाणी उतारानं वाहतं, हे बुकं वाचलेल्याला काय सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी.

म्हातारीचा जीव दोन पोत्यांत होता. पुढच्या पेरणीचं बी. तीस वर्षं राखलेलं घरचं वाण. ओल लागली की संपलं, तसलं बाजारात मिळत नाही. तिनं मला बाजूला घेतलं.

"गोठा नकाशात आहे का रे?"

"नाही मावशी. गोठ्यानं देखावा बिघडतो म्हणे. मागं कुठंही बांधा म्हणाला."

"मग त्याला विचारायचं कारण नाही. गोठ्याला दोन हात जोतं घाल. वर माळा काढ."

घातलं. घराच्या जोत्याचे दगड पडूनच होते. पोती नव्या घरात ठेव, असं थोरला म्हणाला. म्हातारीनं मान डोलावली आणि पोती गोठ्याच्या माळ्यावर चढवली.

पावसाच्या चौथ्या दिवशी उताराचं पाणी पुढच्या दारानं घरात शिरलं आणि मालकासारखं पसरलं. थोरला परातीनं उपसत होता. माझ्याकडं बघायचं टाळत होता.

नेमका त्याच दिवशी नकाशावाला घराचे फोटो काढायला आला. दारातच थबकला. बूट हातात घेतले.

"या की," मी म्हणालो. "निसर्ग कधीचा आत येऊन बसलाय."

बसायला कोरडी जागा एकच उरली होती. तिथं म्हैस निवांत रवंथ करत होती. म्हातारीनं माळ्यावरच्या पोत्यातला एक दाणा उरलेल्या दातांखाली फोडला. कडकन वाजला. मग तिनं नकाशावाल्याला हाक मारली.

"वर ये बाबा. पण पाय धुऊन ये. म्हशीचं घर आहे."

पाय धुवायला पाणी त्यानं घरातूनच घेतलं.