शंभर किलोंची खूण

पत्र्याची शेड महिनाअखेरीस रिकामी करायची होती. औद्योगिक केंद्र छोट्या धंद्यांना तीन वर्षं बिनभाड्याचा गाळा देत होतं, पण एका धंद्याचा प्रमुख एकच आणि गाळा त्याच्याच नावावर, अशी अट होती. शिड्यांच्या या कारखान्यातून दोन अर्ज गेले. एक ताईचा, दुसरा तिच्या धाकट्या भावाचा. दोघांनी ते एकमेकांपासून लपवून भरले आणि एकाच सकाळी एकाच खिडकीसमोर गाठ पडली. त्यानंतर शेडमध्ये कामापुरतंच बोलणं उरलं, तेही बहुतेक वेळा धाकट्याच्या बायकोमार्फत.

केंद्राचा भरवसा स्वभावावर होता. भांडवल सगळ्यांना मिळतं, धंदा टिकतो तो माणसाच्या स्वभावावर, असं त्यांच्या माहितीपत्रकात छापलं होतं. म्हणून अर्जासोबत ऐंशी प्रश्नांची वही होती. ‘अनोळखी लोकांत तुम्ही लगेच मिसळता का?’ यापुढे ताईने लिहिलं, ‘कशाला?’ ‘काही बिघडेल अशी धास्ती तुम्हाला किती वेळा वाटते?’ यापुढे लिहिलं, ‘दर शिडीला एकदा.’ धाकट्याने तिथे ‘कधीच नाही’ लिहून खाली रेघ मारली होती.

धास्तीचं कारण शिडीवरच छापलेलं असे: शंभर किलो. ताईचं वजन चौऱ्याऐंशी. लहानपणी धाकटा तिला हत्तीण म्हणत असे आणि अजूनही पाहुण्यांसमोर तो विनोद करायचा. सोळा किलो हत्यारांची पिशवी तिने मोजून भरली होती. ती खांद्याला लावून ती प्रत्येक शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहायची, दोन्ही बाजूंना झुकायची, सांध्यांतले रिव्हेट कुरकुरतात का ते कान देऊन ऐकायची. मग वरूनच वाकून पायरीच्या कडेवर खडूने बरोबरची खूण करायची. वरून काढलेली असल्यामुळे खालून बघणाऱ्याला ती उलटी दिसे. खूण नसलेली शिडी दाराबाहेर जात नसे. चार वर्षांत एकही परत आली नव्हती.

पण गिऱ्हाइकं धाकट्याने आणली होती, हेही तितकंच खरं. ताई गिऱ्हाइकाशी बोलली की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधायचं. धाकटा दगडालाही शिडी विकेल, असं त्याची बायको म्हणायची. आताही एका मोठ्या गोदामाची चाळीस शिड्यांची मागणी त्यानेच मिळवली होती, आणि त्या द्यायची तारीख ताईला न विचारता कबूल केली होती.

केंद्राचे साहेब वही तपासून मंगळवारी दुपारी प्रत्यक्ष पाहणीला आले. स्थूल, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोघांचे गुण मोकळेपणाने सांगितले. चिकाटीत ताईला पैकीच्या पैकी होते, धास्तीतही पैकीच्या पैकी, आणि जुळवून घेण्यात शून्य. धाकटा धास्ती सोडून सगळीकडे वरच्या फळीत होता. चिकाटीत जरा कमी, पण ती शिकवता येते, असं साहेब म्हणाले.

चाळीस शिड्या भिंतीला ओळीने टेकवल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ताईने अकरा तपासल्या होत्या, आणि मग ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. आता चाळीसच्या चाळीस शिड्यांवर खुणा होत्या. तिने ओळ एकदा नजरेखालून घातली. एकोणतीस खुणा खालून सुलट दिसत होत्या.

धाकट्याने साहेबांना एखादी चढून बघायचा आग्रह केला. साहेबांनी पाय उचललाही होता. ताई मध्ये येऊन उभी राहिली.

“ही खूण माझी नाही. चढू नका.”

“बघा,” धाकटा हसत म्हणाला. “सख्ख्या भावावर हा विश्वास. घरात दूध तापवलं तरी ही दोनदा बघते.”

“खडू कोणी फिरवला ते सांग आधी.”

“तारीख जवळ आलीय, ताई. तू दात काढत बसलीस, मग मी काय हात जोडून बसायचं?”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. धाकटा त्यांच्यासमोर सरसर शिडीवर चढला, वर उभा राहून दोन उड्या मारल्या आणि हात पसरले. शिडी जागची हलली नाही. खाली उतरून त्याने पँट झटकली आणि आता समाधान झालं का, असं बहिणीला विचारलं.

“तू अठ्ठावन्न किलोचा,” ताई म्हणाली. “शिडीवर शंभर लिहिलंय. आरशासमोर शर्ट घालून बघितल्यासारखं चढलास.”

शिडीवर वजन टाकून बघायला यंत्र मिळतं, अशी माहिती साहेबांनी दिली. धाकटा त्यांना चहाला काचेच्या खोलीत घेऊन गेला. तिथे तो गोदामाच्या पुढच्या कामाबद्दल, मग शेजारच्या शहरांबद्दल सांगत राहिला. ताईने पिशवी खांद्याला लावली आणि बाराव्या शिडीपासून सुरुवात केली. सुलट खूण पुसायची, चढायचं, झुकायचं, ऐकायचं, उलटी खूण करायची. एकोणिसावीने बारीक कुरकूर केली. तशीच सव्विसावीने, आणि चौतिसावीने. ती उतरली, तिन्ही शिड्या मधोमध आणल्या आणि करवत घेऊन त्यांचे उभे दांडे कापायला लागली.

काचेतून साहेबांना एवढंच दिसलं की एक जाडजूड बाई नव्याकोऱ्या शिड्या कापते आहे. धाकटा दारातून ओरडला नाही. साहेबांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात तो म्हणाला, “चार वर्षं हेच सोसतोय मी.”

“रिव्हेट बदलून चाललं असतं,” तो नंतर जवळ येऊन दात आवळून म्हणाला.

“बदलले असतेस का? तू परत खडू फिरवला असतास. आता फिरव.”

पत्र शुक्रवारी आलं. गाळा धाकट्याला मिळाला होता. कारणं छापील होती, त्यात शाईने एक ओळ जोडलेली: दुसऱ्या अर्जदाराला राग आवरत नाही, मालाची नासधूस करतात. धाकट्याने ते पत्र मोठ्याने वाचलं आणि ताईने पगारावर राहायला आपली हरकत नाही, असं बायकोकडे बघून सांगितलं. ताईने खडूचा तुकडा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. पिशवी उचलली आणि गेली.

सदतीस शिड्या ठरल्या दिवशी गोदामात पोचल्या. धाकट्याने गोड बोलून उरलेल्या तीन शिड्यांसाठी आठवडा मागून घेतला आणि त्या नव्या गाळ्यात स्वतः जोडल्या. दिसायला इतरांपेक्षा काकणभर सरसच झाल्या. त्याने खडू घेतला, पहिल्या शिडीजवळ गेला, आणि खालूनच खूण करायला हात उचलला, पण खडू टेकवला नाही.

संध्याकाळी त्याची बायको ताईच्या दारात उभी होती. आठवड्यातून एकदाच येशील का, असं विचारायला त्याने पाठवलंय, ती म्हणाली. फक्त उभं राहायचं, बाकी काही नाही.

“त्याला म्हणावं, धास्ती वाटायला लागली का?”

भावजय म्हणाली की यंत्राची चौकशी केली, पण ते यायला दोन महिने आहेत. परवा शिड्या न्यायला माणूस येणार आहे.

“मग बेचाळीस किलोचं पोतं खांद्यावर घेऊन चढ म्हणावं,” ताई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने वाळूचं पोतं मोजून भरलं. ते घेऊन तो चौथ्या पायरीपर्यंत गेला. तिथे शिडीतून काहीतरी वाजलं, की पोत्यातून, हे त्याला कळेना. वर जायला पाय उठेना आणि उतरताही येईना. गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला, गाल वाळूच्या पोत्याला टेकवून, कान देऊन.