डाव्या हाताची सही

बायको राष्ट्राध्यक्ष झाली तेव्हा नवऱ्याला काय म्हणायचं, असा प्रश्न निवासस्थानातल्या नोकरवर्गाला पडला. आधीच्या सगळ्या अध्यक्षांच्या बायका ‘बाईसाहेब’ होत्या. पुरुषासाठी तशी सोयच नव्हती. शेवटी दारावरच्या शिपायाने ‘यजमान’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं.

यजमान हयातभर छापखान्यात प्रुफं तपासत आले होते. त्यांना दिलेल्या दालनातला गुबगुबीत कोच त्यांनी हलवायला लावला, खिडकीशी साधं टेबल मांडून घेतलं आणि एका शब्दकोशाची प्रुफं घेऊन बसले. बायकोची भाषणंही त्यांच्या नजरेखालून जात. चुका काढायच्या, पण वाक्य तिचंच राहू द्यायचं, हा त्यांचा नियम होता.

तिच्या कारकिर्दीचे चौदा महिने उरले असताना एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिच्या उजव्या हातातून कप निसटला. ती काहीतरी सांगू पाहत होती, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. डॉक्टर दहा मिनिटांत आले. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तिला ऐकू येतंय, सगळं समजतंय, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परत येईल की नाही, हे मात्र त्यांना सांगता येईना.

दुपारी मुख्य सचिव यजमानांच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. हा माणूस पंचवीस वर्षं तिच्या बरोबरीने राबला होता. स्वतःच्या खुर्चीसाठी तो बोलत नव्हता. खाणींतल्या सुरक्षिततेचा कायदा संसदेने मंजूर केला होता. बारा दिवसांत अध्यक्षांची सही झाली नाही तर तो बाद होणार होता. तिचा थोरला भाऊ खाणीत गाडला गेला होता. राजकारणात ती आली तीच या कायद्यासाठी. आता तिने पद सोडलं तर उपाध्यक्ष तिच्या जागी येणार, आणि त्यांचं नि खाणमालकांचं साटंलोटं सगळ्यांना ठाऊक होतं. सचिवांनी मार्ग सुचवला. बाईंना साधा ताप आहे असं जाहीर करायचं. कागद यजमानांनी आत न्यायचे आणि सही होऊन बाहेर आणायचे.

“बाईंचं अक्षर तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?” सचिव म्हणाले. “त्यांच्या मनात काय आहे तेही तुम्हालाच ठाऊक. मग यात खोटं काय आहे?”

यजमानांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रुफाच्या कोऱ्या पाठीवर तिची सही करून पाहिली. तिसऱ्या खेपेला ती हुबेहूब जमली. ते त्या सहीकडे बघत बसले. आज खाणींचा कायदा. उद्या एखादी नेमणूक, तीही तिच्या मनासारखी. मग कधीतरी असा कागद येईल ज्याबद्दल ती चकार शब्द बोललेली नाही. तिथे आपण आपल्याला वाटेल ते करू आणि तिचंच आहे म्हणून सांगू. चौदा महिने हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. धास्ती त्यांना याचीच वाटली.

तो कागद घेऊन ते तिच्या खाटेशी गेले. सचिव काय म्हणाले ते त्यांनी काही न लपवता सांगितलं. मग विचारलं, “तुझी सही मी करू का?”

तिने कागद निरखून पाहिला. डाव्या हाताने त्यांच्या खिशातली पेन्सिल ओढून काढली आणि त्या सुबक सहीवर एक थरथरती रेघ मारून टोकाला वेटोळं केलं. मजकूर काढून टाकायची ही प्रुफातली खूण. तीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याकडूनच शिकली होती. त्याखाली तिने स्वतःचं नाव लिहायला घेतलं. पहिलंच अक्षर निम्म्या पानावर पसरलं. तिने पेन्सिल भिंतीवर फेकली. क्षणभराने तोच हात पुढे केला, ती परत मागायला.

संविधानात सही स्वतःच्या हाताची हवी एवढंच लिहिलं होतं. कोणत्या हाताची, ते नव्हतं. डॉक्टरांनी रोज अर्ध्या तासाची परवानगी दिली, तिने तीन तास घेतले. पकड यावी म्हणून पेनाला फडकं गुंडाळलं. सहाव्या दिवशी नाव वाचता येऊ लागलं. आठव्या दिवशी तिला उठवतही नव्हतं. नवव्या दिवशी ती पुन्हा बसली. बाहेर पत्रकार खोदून खोदून विचारत होते. ती आजारी आहे आणि किती ते लवकरच कळवू, एवढंच यजमान सांगत.

बंद खोलीत सही घ्यावी असा सचिवांचा आग्रह होता. तिने नकारार्थी मान हलवली आणि दार उघडा म्हणून तिकडे बोट दाखवलं. अकराव्या दिवशी उपाध्यक्ष आणि सरन्यायाधीश यांना बोलावण्यात आलं. ती खुर्चीत ताठ बसली होती. वाकडं झालेलं तोंड तिने रुमालाने झाकलं नाही. सरन्यायाधीशांनी कायद्याचं नाव वाचलं आणि हे तुमच्या मर्जीने आहे का, असं विचारलं. तिने मान डोलावली. नाव लिहायला तिला चार मिनिटं लागली. उपाध्यक्ष तेवढा वेळ भिंतीकडे बघत होते.

मग यजमानांनी दुसरा कागद पुढे ठेवला. पदभार सोडत असल्याचं पत्र होतं. त्यांनी एकेक वाक्य वाचून दाखवलं होतं आणि तिने खोडत खोडत दोनच ठेवली होती. त्यावरही तिने सही केली. सचिव खोलीतून निघून गेले.

खाणमालक कोर्टात गेले. ही सही बाईंची नाहीच, असं त्यांचं म्हणणं होतं. सरन्यायाधीश त्या खटल्यातून बाजूला झाले आणि साक्षीदार म्हणून उभे राहिले. कायदा टिकला. तिचे बाकीचे तीन मोठे निर्णय मात्र नव्या अध्यक्षांनी वर्षभरात फिरवले, आणि सचिवांची कुठल्यातरी लांबच्या कचेरीत बदली झाली. दोन वर्षं ते यजमानांशी बोलले नाहीत.

नवराबायको छापखान्यामागच्या जुन्या दोन खोल्यांत राहायला आले. हळूहळू तिला साठेक शब्द परत आले. रोज सकाळी ती ते मोठ्याने म्हणे.

सहा वर्षांनी इतिहासाचे एक मास्तर भेटायला आले. सचिवांनी सुचवलेला मार्ग खटल्यात उघड झाला होता. यजमानांनी बायकोच्या नावाने सही केली असती तर देशाचं काय झालं असतं, असा निबंध त्यांनी वर्गाला घातला होता. निम्म्या मुलांनी देश सुधारल्याचं लिहिलं होतं, निम्म्यांनी यजमान हुकूमशहा झाल्याचं. खरं काय, ते मास्तरांना यजमानांच्या तोंडून ऐकायचं होतं. यजमानांनी बायकोकडे पाहिलं.

तिने शब्द जुळवायला वेळ घेतला. “मला... कुणी... विचारलं? निबंधात?”

मास्तरांनी आठवून पाहिलं. तसं एकाही मुलाने लिहिलं नव्हतं, असं त्यांनी कबूल केलं.

“मग परत... लिहायला... सांगा,” ती म्हणाली.